जलपर्णीचे नामांतर : आयकॉर्नियाकडून पाँटेडेरियाकडे
(उणकल तलावातील एका वनस्पतीच्या निमित्ताने)

प्रस्तावना

हुबळी आणि धारवाड या जोडशहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर उणकल लागते. चंद्रमौळेश्वराचे चालुक्यकालीन मंदिर आणि विस्तीर्ण तलाव यांमुळे हे ठिकाण सर्वपरिचित आहे. एकेकाळचे हे खेडे आज हुबळी-धारवाड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. वस्ती वाढत गेली तसे सांडपाणी तलावात येऊ लागले आणि त्याबरोबर तलावावर एका हिरव्या वनस्पतीचे थर वारंवार पसरू लागले. ते काढण्याचे काम महानगरपालिकेला पुन्हा पुन्हा हाती घ्यावे लागले आहे. मराठीत ही वनस्पती 'जलपर्णी' म्हणून ओळखली जाते. कोल्हापूर-इचलकरंजीकडे तिला 'केंदाळ' म्हणतात. कन्नडमध्ये 'अंतरगंगे' आणि हिंदी-उर्दूत 'जलकुंभी' ही नावे प्रचलित आहेत.

वनस्पतिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतून कित्येक पिढ्या या वनस्पतीचे शास्त्रीय नाव 'आयकॉर्निया क्रॅसिपीस' असे शिकत आल्या. आज मात्र लंडनजवळील क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या जागतिक सूचीत हे नाव उघडले, तर ते समानार्थी नाव म्हणून दिसते आणि स्वीकृत नाव 'पाँटेडेरिया क्रॅसिपीस' असे येते. विद्यार्थी पुस्तकात एक नाव वाचतो, सूचीत दुसरे पाहतो आणि शिक्षकाला विचारतो, "सर, खरे नाव कोणते?" या प्रश्नाला "दोन्ही चालतात" एवढे उत्तर पुरेसे नाही. नाव कोणी दिले, कोणत्या नियमाने दिले आणि कोणत्या पुराव्याने बदलले, हे कळले तरच वर्गीकरण हा पाठांतराचा विषय न राहता विचाराचा विषय होतो. प्रस्तुत लेखात जलपर्णीच्या प्रजातीचे नामकरण, तिचे वर्गीकरण आणि २०१८ मध्ये झालेला बदल यांचा क्रमाने परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

१) लोकनावांची अडचण

लोकनावे भाषेचे वैभव आहेत, पण ओळख पटवण्याच्या कामी ती अपुरी पडतात. जलपर्णी हे त्याचे बोलके उदाहरण होय. 'जलकुंभी' आणि 'अंतरगंगे' ही दोन्ही नावे आणखी एका तरंगत्या वनस्पतीसाठीही वापरली जातात. तिचे शास्त्रीय नाव पिस्टिया स्ट्रॅटिओटिस. तिची पाने कोबीच्या गड्ड्यासारखी रचलेली असतात आणि फुले डोळ्यांत भरत नाहीत. ती अळूच्या कुलातील आहे. जलपर्णीशी तिचे जवळचे नाते नाही. संस्कृत निघंटूंतील 'कुंभिका', 'वारिपर्णी' ही नावेही पिस्टियाचीच मानली जातात. ती जलपर्णीची असूच शकत नाहीत, कारण जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची असून भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे आली. जी वनस्पती देशात नव्हतीच, तिचे नाव प्राचीन ग्रंथांत कोठून येणार? तरीही जुनी नावे नव्या पाहुणीला चिकटली आणि घोटाळा कायम झाला.

इंग्रजीतही तोच प्रकार आहे. तेथे तिला 'वॉटर हायसिंथ' म्हणतात. हायसिंथ म्हणजे फारसी-उर्दू काव्यातील 'सुंबुल'. प्रेयसीच्या कुरळ्या केसांना ज्याची उपमा देतात, ते हे फूल. फारसीत जलपर्णीला त्यामुळेच 'सुंबुले आबी', म्हणजे पाण्यातील सुंबुल, असे नाव पडले. पण खरा सुंबुल शतावरीच्या कुलातील आहे आणि जलपर्णीचे कुल वेगळे आहे. फुलांच्या तुऱ्यातील वरवरच्या साम्याने हे नाव जडले. इजिप्तमध्ये तर या दक्षिण अमेरिकी वनस्पतीला अरबीत 'वर्द अन-नील', म्हणजे नाईलचा गुलाब, म्हणतात. ती गुलाबही नव्हे आणि मूळची नाईलची तर नव्हेच.

एकाच वनस्पतीची अनेक नावे आणि एकाच नावाच्या अनेक वनस्पती, ही अडचण जुनीच आहे. अंदलुसी विद्वान इब्न अल-बैतार (मृत्यू १२४८) यांनी सुमारे १४०० औषधी द्रव्यांची अक्षरानुक्रमे नोंद केली, तेव्हा त्यांना एकेका द्रव्याची अरबी, ग्रीक, बर्बर अशी नावे शेजारी शेजारी द्यावी लागली. वैद्याने चुकीची मुळी देऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. आधुनिक नामकरणाचा हेतूही मुळात तोच आहे. फरक एवढाच, की त्यात सर्व भाषांसाठी एकच नाव आणि ते ठरवण्याचे एकच नियम असतात.

२) परिभाषेबाबत एक सावधगिरी

पुढे जाण्यापूर्वी परिभाषा स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठीत सामान्यतः 'कुल', त्याखाली 'प्रजाती' आणि त्याखाली 'जाती' असा क्रम मानतात. कुलांच्या वरच्या गटाला 'गण' म्हणतात. उर्दूत याच तीन पायऱ्यांना 'खानदान', 'जिन्स' आणि 'नौ' हे शब्द आहेत. हिंदीत मात्र 'प्रजाति' हा शब्द मराठीतील जातीसाठी वापरला जातो आणि मराठीतील प्रजातीला हिंदीत 'वंश' म्हणतात. कन्नड पुस्तकांत 'कुल' हा शब्द मराठीतील प्रजातीच्या अर्थाने येतो आणि मराठीतील कुलाला तेथे 'कुटुंब' म्हणतात. हुबळी-धारवाडच्या वर्गात मराठी, उर्दू, कन्नड आणि हिंदी अशा चारही भाषांतून आलेली मुले शेजारी बसतात. तेथे 'कुल' किंवा 'प्रजाती' हा शब्द उच्चारताच दोघांच्या मनात दोन वेगळ्या पायऱ्या येऊ शकतात. म्हणून शिक्षकाने वर्गाच्या सुरुवातीलाच ही पायऱ्यांची यादी फळ्यावर लिहून द्यावी. या लेखात सर्वत्र मराठी क्रम पाळला आहे.

शास्त्रीय नावाचे दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. पाँटेडेरिया क्रॅसिपीस या नावात 'पाँटेडेरिया' ही प्रजाती होय. 'क्रॅसिपीस' हा लॅटिन शब्द 'जाड पायाचा' या अर्थाचा आहे. जलपर्णीच्या पानाचा देठ फुगीर व आतून स्पंजासारखा हवेने भरलेला असतो आणि त्याच्या जोरावर ती तरंगते. नावाचा रोख त्या देठाकडे आहे.

३) नामकरणाचा इतिहास

स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये 'स्पीशीज प्लांटॅरम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वनस्पतींच्या नावांचा अग्रक्रम याच ग्रंथापासून मोजला जातो. या ग्रंथात लिनियस यांनी पाँटेडेरिया ही प्रजाती नोंदवली. इटलीतील पादुआ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ जुलियो पाँटेडेरा (१६८८-१७५७) यांच्या सन्मानार्थ हे नाव आहे. त्या वेळी या प्रजातीत लिनियस यांनी अमेरिकेतील पाँटेडेरिया कॉर्डाटा आणि भारतातील पाँटेडेरिया हास्टाटा या दोन्ही जाती घातल्या होत्या. १७६८ मध्ये बर्मन (धाकटे) यांनी भारतीय वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात पाँटेडेरिया व्हजायनॅलिस ही आणखी एक आशियाई जाती नोंदवली. भातखाचरांत आणि दलदलीत निळ्या फुलांची जी लहान वनस्पती उगवते, तीच ही.

१८१७ ते १८२० या काळात जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फॉन मार्टिउस ब्राझीलमध्ये फिरले. परतल्यावर त्यांनी तेथील वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिण्यास घेतला. त्यात १८२३ मध्ये जलपर्णीचे पहिले शास्त्रीय वर्णन आले. मार्टिउस यांनी तिला दिलेले नाव होते पाँटेडेरिया क्रॅसिपीस. याचा अर्थ असा, की आज ज्याला आपण 'नवे' नाव म्हणतो, ते या वनस्पतीचे पहिलेच नाव आहे.

त्यानंतर प्रजाती फुटू लागली. १८२७ मध्ये प्रेस्ल यांनी आशियाई जातींसाठी मोनोकोरिया ही वेगळी प्रजाती काढली. त्यांच्या फुलांत सहा पुंकेसरांपैकी एक इतरांहून मोठा व वेगळा असतो, आणि 'एकटा वेगळा' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव बनले. १८३७ मध्ये राफिनेस्क यांनी पायारोपस हे नाव सुचवले. १८४३ मध्ये बर्लिनचे कार्ल कुंट यांनी त्याच गटासाठी आयकॉर्निया हे नाव दिले. योहान आल्ब्रेख्त फ्रीडरिख आयकहॉर्न (१७७९-१८५६) हे त्या वेळी प्रशियाचे मंत्री होते आणि शिक्षण खाते त्यांच्याकडे होते. एका शिक्षणमंत्र्याचे नाव असे एका पाणवनस्पतीला मिळाले आणि पुढे तीच वनस्पती जगातील सर्वांत उपद्रवी तणांपैकी एक ठरली.

शेवटी १८८३ मध्ये सोल्म्स-लाउबाख यांनी पॅरिसला प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात मार्टिउस यांची पाँटेडेरिया क्रॅसिपीस उचलून आयकॉर्नियात ठेवली आणि लिनियस यांची भारतीय पाँटेडेरिया हास्टाटा मोनोकोरियात ठेवली. दोन्ही स्थलांतरे एकाच ग्रंथात झाली. पुढची १३५ वर्षे हीच नावे जगभर रूढ राहिली.

४) कंसातील नाव काय सांगते?

जुन्या पुस्तकांत जलपर्णीचे पूर्ण नाव 'आयकॉर्निया क्रॅसिपीस (मार्ट.) सोल्म्स' असे छापलेले असते. विद्यार्थी हा शेवटचा भाग बहुधा गाळतात. वास्तविक सगळा इतिहास त्या कंसात साठवलेला आहे. कंसातील व्यक्तीने जातीचे मूळ नाव दिले आणि कंसाबाहेरील व्यक्तीने ती जाती आताच्या प्रजातीत आणली, असा त्याचा अर्थ. कंस दिसला की समजावे, ही जाती एकदा घर बदलून आलेली आहे. आजचे नाव 'पाँटेडेरिया क्रॅसिपीस मार्ट.' असे लिहितात. येथे कंस नाही, कारण जाती आपल्या मूळ घरी परतली आहे आणि नाव पुन्हा जसेच्या तसे मार्टिउस यांचे झाले आहे.

५) अग्रक्रम आणि संरक्षित नाव

येथे एक रास्त शंका येते. नियमाप्रमाणे आधीचे नाव श्रेष्ठ असेल, तर १८३७ चे पायारोपस बाजूला सारून १८४३ चे आयकॉर्निया कसे टिकले?

वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिचा पाया अग्रक्रम हा आहे. एका प्रजातीला दोन नावे असतील तर आधी रीतसर प्रसिद्ध झालेले नाव स्वीकारायचे. पण हा नियम आंधळेपणाने लावला, तर विस्मृतीत गेलेले एखादे जुने नाव सापडताच हजारो पुस्तके, नमुने आणि कायदे यांतील नावे बदलावी लागतील. म्हणून संहितेत अपवादाची सोय आहे. सर्वत्र रुळलेले नाव ठरावाने संरक्षित करता येते. आयकॉर्निया हे असे संरक्षित नाव आहे आणि ते पायारोपसच्या विरुद्ध संरक्षित आहे. एवढेच नव्हे, तर कुंट यांनी मुळात त्या नावात एक अक्षर कमी लिहिले होते. मंत्र्यांच्या नावाशी जुळणारे दुरुस्त रूपही याच सोयीने पक्के करण्यात आले.

मग संरक्षित नाव २०१८ मध्ये मागे कसे पडले? येथेच बारकावा आहे. संरक्षण हे ठरावीक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध असते. पायारोपस आणि आयकॉर्निया ही एकाच गटाची दोन नावे होती, म्हणून तेथे संरक्षण उपयोगी पडले. पण आयकॉर्निया हा गटच पाँटेडेरियात विलीन झाला, तर स्पर्धा १७५३ च्या नावाशी सुरू होते. त्या नावाविरुद्ध कोणतेही संरक्षण दिलेले नव्हते. तेथे साधा अग्रक्रम लागू होतो आणि १७५३ हे साल १८२७ व १८४३ या दोन्हींच्या आधीचे आहे.

म्हणजे प्रश्न दोन भागांत विभागला जातो. गट कोणता, हे शास्त्र ठरवते. त्या गटाचे नाव कोणते, हे संहिता ठरवते. वर्गीकरण आणि नामकरण यांतील हा भेद विद्यार्थ्यांच्या मनात ठसला, तर नावबदलाचे निम्मे कोडे तेथेच सुटते.

६) गट का मोडला?

एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनी हे तीन गट डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर केले होते. पाँटेडेरियाच्या फळात एकच बी असते. आयकॉर्निया व मोनोकोरिया यांच्या फळांत अनेक बिया असतात. आयकॉर्नियाच्या फुलाच्या पाकळ्या तळाशी जुळून नळी बनते, तर मोनोकोरियाच्या जवळजवळ सुट्या असतात. ही लक्षणे खरी आहेत आणि ओळख पटवण्यासाठी आजही उपयोगी आहेत. प्रश्न एवढाच, की ती नातेही दाखवतात का?

हे समजण्यासाठी शजऱ्याचे उदाहरण घेता येईल. 'शजरा' म्हणजे वंशावळ, आणि हा शब्द 'शजर' म्हणजे झाड यावरूनच आला आहे. एका आजोबांचे तीन मुलगे आहेत असे समजा. त्यांपैकी धाकट्याच्या मुलांनी वेगळे आडनाव घेतले. आता उरलेल्या दोघांच्या मुलांना 'एक घराणे' म्हणायचे आणि धाकट्याच्या मुलांना वगळायचे, हे वंशाच्या दृष्टीने बरोबर ठरेल का? धाकटा हा मधल्याचा सख्खा भाऊ आहे. त्याला वगळून केलेला गट सोयीचा असेल, पण तो पूर्ण घराणे होत नाही. आधुनिक वर्गीकरणाची अट अशी आहे, की प्रजातीत एक पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज यावेत.

१९९० च्या दशकात या कुलाच्या हरितलवकांतील जनुकांचा अभ्यास झाला. त्यातून असे दिसून आले, की आयकॉर्नियाच्या सगळ्या जाती एका फांदीवर येत नाहीत. काही आयकॉर्निया इतर आयकॉर्नियांपेक्षा पाँटेडेरियाला अधिक जवळच्या निघाल्या. म्हणजे आयकॉर्निया हे अपुरे घराणे होते. एकबीजी फळ हे लक्षण एका फांदीवर नंतर निर्माण झाले होते आणि त्याच्या बळावर ती फांदी वेगळी काढली गेली होती.

याला पूरक असा एक जुना पुरावा फुलांतही होता. पाँटेडेरियाच्या झाडांवर तीन प्रकारची फुले आढळतात. काहींत स्त्रीकेसराची दांडी लांब, काहींत मध्यम तर काहींत आखूड असते, आणि एका झाडावर एकच प्रकार असतो. ब्राझीलमधील फ्रिट्झ म्यूलर यांच्या निरीक्षणांच्या आधारे चार्ल्स डार्विन यांनी १८७७ च्या आपल्या पुस्तकात याची नोंद केली आहे. एकदल वनस्पतींत अत्यंत दुर्मीळ असलेली ही व्यवस्था जलपर्णीतही आढळते.

आता दोन मार्ग होते. एक म्हणजे आयकॉर्नियाचे तुकडे करून अनेक लहान प्रजाती करणे. दुसरा म्हणजे सर्वांना एका मोठ्या प्रजातीत आणणे. पेलेग्रिनी, हॉर्न आणि आल्मेइदा या तीन संशोधकांनी बाह्यलक्षणे व जनुके यांचा एकत्रित अभ्यास करून २०१८ मध्ये दुसरा मार्ग स्वीकारला. आयकॉर्निया आणि मोनोकोरिया या दोन्ही प्रजाती त्यांनी पाँटेडेरियात समाविष्ट केल्या. जुनी नावे उपप्रजातींच्या पातळीवर राखली. त्यांच्या मांडणीनुसार संपूर्ण कुलात आता पाँटेडेरिया आणि हेटेरँथेरा या दोनच प्रजाती उरतात.

पहिला मार्ग अशास्त्रीय होता असे नाही. तोही अट पूर्ण करू शकला असता, पण त्यासाठी नवी प्रजातीनामे घडवावी लागली असती. दोन समर्थनीय पर्यायांतून एकाची निवड झाली, हे विद्यार्थ्यांना मोकळेपणाने सांगावे.

७) कुलाचे स्थान

प्रजातीच्या वरच्या पायरीवरही मतांतर झाले आहे. आपल्याकडील महाविद्यालयांत बेंथम आणि हुकर यांची पद्धत (१८६२-१८८३) दीर्घकाळ शिकवली गेली. तिच्यात हे कुल 'कोरोनॅरी' या श्रेणीत लिली आणि केना यांच्या कुलांसोबत येते. क्रॉन्क्विस्ट यांनी ते लिलीच्या गणात घातले. जनुकांवर आधारलेल्या आजच्या पद्धतीत ते केनाच्या गणात, म्हणजे कॉमेलिनेलीजमध्ये, आहे. पावसाळ्यात उणकलच्या बांधावर निळ्या फुलांचा केना उगवतो. पाण्यातील जलपर्णी आणि काठावरचा केना हे दूरचे का होईना, पण नातलग ठरतात. क्षेत्रभेटीत हे दोन नमुने शेजारी ठेवून दाखवण्यासारखे आहेत.

८) नावावर काय अवलंबून आहे?

हा सगळा वाद ग्रंथालयापुरता आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. अनुकूल पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचे बी चिखलात १५ ते २० वर्षे जिवंत राहू शकते. बंगालमध्ये तिने नद्या-नाले व भातशेती इतकी ग्रासली, की १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १९३६ मध्ये खास कायदा झाला. १९३७ नंतर ए. के. फजलुल हक यांच्या मंत्रिमंडळाने ती काढण्याची मोहीम घेतली. पुढे १९८० च्या दशकात बंगळूरच्या भारतीय उद्यान संशोधन संस्थेने तिच्यावर जगणारे भुंगे परदेशातून आणून तेथील तलावांत सोडले. त्यांपैकी एका भुंग्याचे नाव 'निओचेटिना आयकॉर्नी' असे आहे. प्राण्यांच्या नामकरणाची संहिता वेगळी असल्याने वनस्पतीचे नाव बदलले तरी भुंग्याचे बदलत नाही. उद्याचा विद्यार्थी विचारील, "हा भुंगा ज्या आयकॉर्नियाच्या नावाचा, ती कोठे गेली?" त्याला उत्तर देता आले पाहिजे.

या शंभर वर्षांतील बहुतेक अनुभव 'आयकॉर्निया' या नावाखाली नोंदलेला आहे. उणकलसारख्या तलावासाठी उपाय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ नव्या नावाने शोध घेतला, तर २०१८ पूर्वीचे बहुतेक संशोधन त्याच्या हाती लागणार नाही. केवळ जुन्या नावाने घेतला, तर अलीकडचे निसटेल. म्हणून शोध दोन्ही नावांनी घ्यावा.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. पूर्वी 'आयकॉर्निया' म्हटले की आपल्याकडे परदेशी तणच डोळ्यांपुढे येई आणि 'मोनोकोरिया' म्हटले की देशी वनस्पती. आता दोन्ही पाँटेडेरिया आहेत. म्हणजे एकाच प्रजातीत आक्रमक पाहुणी पाँटेडेरिया क्रॅसिपीसही आहे आणि लिनियसच्या काळापासून भारतातून नोंदलेल्या पाँटेडेरिया हास्टाटा व पाँटेडेरिया व्हजायनॅलिस याही आहेत. 'पाँटेडेरिया म्हणजे परदेशी तण' असे समीकरण वर्गात रूढ झाले, तर उद्या जैवविविधता नोंदवहीत देशी वनस्पतीवर 'नष्ट करावी' असा शेरा पडू शकेल. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्यांना अशा नोंदवह्या तयार करण्याचे काम दिले आहे आणि त्यांत महाविद्यालयांची मदत घेतली जाते. तेथे जातीचे नाव गाळून केवळ प्रजातीचे नाव लिहिणे यापुढे चालणार नाही.

दोघींतील फरक नमुना हातात घेतल्यास सहज कळतो. जलपर्णी तरंगते, तिचा देठ फुगीर असतो, मुळे काळसर व पिसांसारखी लोंबतात. फूल फिकट जांभळे असून वरच्या पाकळीवर निळ्या वलयात पिवळा ठिपका असतो. देशी जाती चिखलात रुजलेल्या असतात, देठ फुगीर नसतो, फूल लहान व निळे असते आणि त्यात एक पुंकेसर इतरांहून मोठा दिसतो. धारवाड जिल्ह्याच्या पश्चिमेकडील भातपट्ट्यात पावसाळ्याच्या अखेरीस अशा नमुन्यांचा शोध घेता येईल.

९) वर्गात काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे प्रयोगवहीत आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर स्वीकृत नाव लिहून त्याखाली समानार्थी नाव द्यावे. म्हणजे 'पाँटेडेरिया क्रॅसिपीस मार्ट., समानार्थी : आयकॉर्निया क्रॅसिपीस (मार्ट.) सोल्म्स'. दुसरी, उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याने यांपैकी कोणतेही नाव लिहिले तरी ते चूक धरू नये. जुन्या नावाची प्रसिद्धी रीतसर आहे आणि शेती व तणनियंत्रणाच्या लेखनात ते अजूनही आढळते. तिसरी, संग्रहातील जुन्या नमुन्यांवरील मूळ चिठ्ठी कधीही काढून टाकू नये. नवे नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून, तारीख व सही घालून, शेजारी लावावे. जुनी चिठ्ठी हा त्या नमुन्याचा दस्तऐवज असतो.

नाव बदलले म्हणजे आधीचे लोक अडाणी होते, असा समज होऊ देऊ नये. सोल्म्स-लाउबाख यांच्यापुढे जनुके नव्हती. फळे आणि फुले होती, आणि त्यांचे निरीक्षण अचूक होते. याच तऱ्हेने बाभळीचे 'अकेशिया निलोटिका' हे नावही आता 'व्हॅचेलिया निलोटिका' झाले आहे. तेथे तर अकेशिया हे नाव कोणत्या गटाकडे राहावे, यावर २००५ च्या व्हिएन्ना आणि २०११ च्या मेलबर्न येथील परिषदांत मोठा वाद झाला होता.

हुबळीकरांना नामांतराचा अनुभव नवा नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले, तरी त्याआधीची खरेदीखते, दाखले आणि पदव्या रद्द झाल्या नाहीत. दोन्ही नावे एकाच गावाची आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे काम अडत नाही. वनस्पतींच्या बाबतीतही तेच आहे. मात्र गावाचे नाव शासनाच्या आदेशाने बदलते, तर वनस्पतीचे नाव पुरावा आणि नियम यांच्या आधारे बदलते, आणि नवा पुरावा आल्यास पुन्हा बदलू शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पाँटेडेरिया क्रॅसिपीस हे जलपर्णीचे १८२३ मधील मूळ नाव असून २०१८ च्या अभ्यासाने ते पुन्हा स्वीकारले गेले. आयकॉर्निया हा गट एका पूर्वजाच्या सर्व वंशजांचा नव्हता, म्हणून तो विलीन करण्यात आला, आणि विलीन गटाला अग्रक्रमाने १७५३ चे नाव मिळाले. या बदलामुळे भारतातील देशी जाती आणि परदेशी तण एकाच प्रजातीत आले आहेत, त्यामुळे जातीपर्यंत अचूक ओळख करणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे.

उणकल तलावातील जलपर्णी नाव बदलल्याने कमी होणार नाही. त्यासाठी सांडपाणी अडवावे लागेल. परंतु कोणती वनस्पती काढायची आणि कोणती राखायची, हे ठरवणाऱ्यांना दोन्ही ओळखता आल्या पाहिजेत. ती ओळख करून देण्याचे काम महाविद्यालयातील शिक्षकांचे आहे.